हुरडा महोत्सवाला आईला न्यायचंय, खरा हुरडा कुठं आणि कसा ओळखायचा?

वेलदोडा
नमस्कार मंडळी. आई ७८ वर्षांची आहे, माहेर करमाळ्याकडचं, लग्नानंतर सगळं आयुष्य पुण्यात गेलं. दिवाळीपासून तिचं एकच चाललंय, एकदा आगटीपाशी, म्हणजे निखाऱ्याच्या खड्ड्यापाशी बसून कोवळ्या ज्वारीचा हुरडा खायचाय. आता डिसेंबर उजाडला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज दोन तरी हुरडा महोत्सवांची पत्रकं येतात. पण गेल्या वर्षीचा अनुभव मनातून जात नाही. ऑफिसच्या लोकांबरोबर अशाच एका महोत्सवाला गेलो होतो. नाव लिहीत नाही. शिवारात चहूकडे ऊस, ज्वारीचं एक ताट (धाट) नाही. हुरडा आला तो स्टीलच्या भांड्यातून, कुठून तरी सोलून आणलेला, कढईत लोण्यावर परतलेला. बाजूला डीजे, मुलांसाठी रेन डान्स. जेवण चांगलं होतं, खोटं कशाला बोलू, पण आईला तिथं नेलं असतं तर ती बोलली काहीच नसती आणि मला परतीच्या वाटेवर तिच्याकडे बघवलं नसतं.

तर प्रश्न असे. पुण्यापासून एका दिवसात जाऊन येता येईल असा खरा हुरडा कुठल्या बाजूला मिळतो? कधी जावं? फोनवर काय विचारलं की समोरचा खरा आहे हे कळतं? आईला कवळी आहे, गुडघे दुखतात, त्यामुळं स्वच्छतागृह आणि बसायची सोय हेही बघायचंय.

चिंचपेटी
कवळीची काळजी नको. माझ्या सासूबाई दरवर्षी खातात. कणीस कोवळं आणि गरम असलं की दाणा लोण्यासारखा लागतो. गार झाला की मात्र चिवट होतो आणि कवळीखाली अडकतो, तेव्हा थोडा थोडा घ्यायला सांगा.

राखणदार
इंदापूर तालुक्यातनं लिहितोय, घरची ज्वारी आहे म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

आमच्याकडं ज्वारी म्हणजे रब्बीची, शाळू. गणपती उठायच्या सुमारास जमिनीत ओल बघून पेर चालू होते, साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. तिथनं नव्वद ते शंभर दिवस मोजा, दाणा हुरड्यात येतो. म्हणजे डिसेंबरचा शेवट आणि जानेवारी हाच खरा काळ, मागास पेर असली तर फेब्रुवारीचा पहिला आठवडा ओढूनताणून. नोव्हेंबरच्या सुरुवातीला कुणी महोत्सव लावला असंल तर विचारा की बाबा ज्वारी पेरली कधी.

दुसरी गोष्ट, एका तुकड्याचा हुरडा आठ-दहा दिवसच चालतो. त्याच्या पुढं दाणा निबर होतो, मग तो भाकरीचा. म्हणून ज्याला महिनाभर पाव्हणे करायचेत तो एकदम सगळं रान पेरत नाही. आठ आठ दिवसांच्या अंतरानं तुकडे पाडतो, म्हणजे एक संपला की शेजारचा तयार. तुम्ही फोनवर एवढंच विचारा, "आगटीपासून ज्वारी किती लांब आहे आणि किती टप्प्यांत पेरलीय?" ज्याची ज्वारी आहे तो अर्धा तास बोलत बसंल. ज्याची नाही तो तुम्हाला जेवणाचा मेनू सांगंल.

गाव म्हणाल तर शिरूर, दौंड, इंदापूर, बारामती, पुरंदरचा कोरडा भाग, सगळीकडं अजून तुकडे आहेत. पण पाणी आलं तिथं ऊस आला, हे पण खरं.

भरलंवांगं
राखणदार, हा प्रश्न मी लिहून ठेवला :) मी गेल्या वर्षी नगर रोडच्या बाजूला गेले होते, तिथं त्या काकांनी आम्हाला आधी रानात नेलं आणि हातात विळा दिला. मुलांनी आपापली कणसं तोडून आणली. मुलगा सहावीत, त्याला ज्वारी हे उंच ताट असतं आणि त्याच्या डोक्यावर कणीस असतं हे पहिल्यांदा दिसलं, तोपर्यंत त्याला ज्वारी म्हणजे गिरणीतलं पीठ. आगटी म्हणजे जमिनीत छोटा खड्डा, त्यात गोवऱ्यांचा विस्तव, धूर नाही नुसता निखारा. कणसं त्यात खुपसायची, वरचं हिरवं तूस करपलं की काढून गोणपाटावर चोळायची आणि फुंकर मारायची. बरोबर दही, गूळ, लसणाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, गोडीशेव, रेवड्या. बोरं आणि उसाचे करवे होतेच.

धोंडी
मला हे महोत्सव प्रकरणच पटत नाही, स्पष्ट लिहितो. आमच्या लहानपणी जामखेडकडं हुरडा कुणी विकत नव्हतं. हंगामात रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारून बसवायचे, पोटभर खाऊ घालायचे आणि जाताना रुमालात बांधून द्यायचे. त्याचे पैसे घेणं म्हणजे पाव्हण्याला जेवणाचं बिल दिल्यासारखं. माणशी आठशे-नऊशे रुपये देऊन शहरातली माणसं निखाऱ्याबरोबर फोटो काढतात, याला हुरडा म्हणू नये असं माझं प्रामाणिक मत आहे.

येळवस
धोंडीदादा, तुमचं दुखणं समजतं. मी लातूरकडची, पुण्यात नोकरीला. आमच्याकडं खरा सण आहे तो येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. लातूर, धाराशिव आणि सोलापूरचा काही भाग. त्या दिवशी गावात चिटपाखरू नसतं, सगळी माणसं रानात. ज्वारीच्या ताटांची कोप म्हणजे खोपटी करतात, आत पाच पांडव म्हणून दगड मांडून चुना लावतात, पूजा करतात. मग भज्जी, बाजरीचे उंडे, आंबिल. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे बरं का, हरभरा, तूर, वाटाणा, शेंगदाणे, मेथी, पातीचा कांदा, हंगामात जे जे हिरवं ते सगळं बेसनात शिजवलेलं. आंबिल ताकातली, मातीच्या बिंदग्यातून नेतात, आणि ती आदल्या दिवशी करून आंबू द्यावी लागते नाहीतर नुसतं पांचट ताक लागतं. ओळखीचा, अनोळखी, ज्याला त्याला हाक मारून जेवायला बसवतात, पैशाचा विषयच नाही. पुण्यातनं लातूरला जाणाऱ्या गाड्या त्या आधीच्या रात्री भरून जातात.

धोंडी
हेच म्हणत होतो मी. येळवस हा महोत्सव. बाकी सगळा धंदा.

राखणदार
धोंडीभाऊ, राग नाही पण एक सांगू का. फुकट होता तो तुम्हाला, आम्हाला कधीच नव्हता. हुरड्याच्या दिवसांत पहाटे तांबडं फुटायच्या आत माळ्यावर, म्हणजे रानातल्या मचाणावर चढावं लागतं, गोफण घेऊन. उशीर झाला तर पाखरं निम्मं कणीस रिकामं करतात, त्यात हुरड्याचा वाण गोड असतो म्हणून त्याच्यावर आधी बसतात. मग काढणी. शाळू अजून आमच्याकडं हातानं उपटतात, वाकून. उन्हाचा कडाका वाढायला लागलेला, जमीन घट्ट झालेली. मग कणसं मोडा, पेंढ्या बांधा, बुचाड रचा, मळणी करा. आज त्याला माणूस मिळत नाही. ऊस लावला की टोळी येते, तोडून नेते, कारखान्याची गाडी बांधावर. मग माणूस ज्वारी कशाला करंल? आम्ही करतो ते घरी चार जनावरं आहेत, कडबा पाहिजे म्हणून, आणि आईला दुसरी भाकरी चालत नाही म्हणून.

तीन वर्षांपूर्वी आम्ही सव्वा एकरात हुरड्यासाठी वेगळी पेर केली. कणसं तोडली की ताट हिरवंच राहतं, त्याची ओली वैरण होते, म्हणजे जनावराचंही भागतं. पाव्हणे येतात, आई आणि बायको भाकरी-पिठलं करतात, त्याचे पैसे होतात. नाहीतर तेवढ्या तुकड्यातबी आज ऊस असता. तुम्ही म्हणता तो हुरडा, हाक मारून खाऊ घालायचा, तो आम्ही गावातल्याला अजून खाऊ घालतो. पण पुण्यातनं पन्नास माणूस येतंय त्याला फुकट कसं घालायचं, तुम्हीच सांगा.

चिंचपेटी
+१. हा प्रतिसाद दोनदा वाचला.

धोंडी
माळ्यावरच्या पहाटेबद्दल लिहिलंत, ते विसरलो होतो. आमचे काका जायचे. मी अकरा वाजता खायला जायचो. तुमच्यासारख्यांनी पैसे घेण्याला माझा विरोध नाही, मागे घेतो. ज्वारी न पेरता हुरड्याचा बोर्ड लावणाऱ्यांना आहे आणि राहील.

मुठाकाठ
कृषी महाविद्यालयात शिकलोय म्हणून वाणांबद्दल थोडं. हुरड्याला सगळी ज्वारी सारखी नसते. मालदांडी ३५-१ ही मोहोळच्या संशोधन केंद्राची निवड, भाकरीला आणि कडब्याला तिला तोड नाही, हुरडाही होतो पण खास नाही, बोंडातून दाणा सहज सुटत नाही. हुरड्याच्या जुन्या गावरान जाती वेगळ्या, गूळभेंडी, सुरती, कुचकुची, काळी दगडी. राहुरीच्या विद्यापीठानं फुले उत्तरा आणि फुले मधुर हे खास हुरड्याचे वाण दिलेत. यात दाणा गोड, मऊ आणि मुख्य म्हणजे चोळल्यावर बोंडातून लगेच मोकळा होतो, हे फार महत्त्वाचं, नाहीतर निम्मा वेळ तोंडातून तूस काढण्यात जातो.

गोडीचं कारण साधं आहे. दाणा दुधात असतो तेव्हा त्यात साखर जास्त, पिकत जातो तशी तिचं पिष्ट होतं. दूध संपून चीक धरतो ती मधली अवस्था म्हणजे हुरडा. म्हणूनच काल तोडलेलं कणीस आणि आत्ता तोडलेलं कणीस यांच्या चवीत फरक पडतो, राखणदार म्हणतात तो अंतराचा प्रश्न त्यासाठी बरोबर आहे.

रानजाई
एक शंका. कोवळी ज्वारी विषारी असते असं ऐकलंय, जनावरं दगावतात. मग हुरडा लहान मुलांना द्यावा का?

मुठाकाठ
ती गोष्ट पानांची आणि ताटाची आहे, दाण्याची नाही. ज्वारीचं पीक अगदी कोवळं असताना, साधारण महिना-दीड महिन्याचं, किंवा पाण्याच्या ताणानं सुकलेलं असताना पाल्यात सायनाइड तयार करणारा घटक जास्त असतो, तेव्हा जनावरांना तो चारत नाहीत. हुरड्याला कणीस येईपर्यंत पीक तीन महिन्यांचं झालेलं असतं आणि आपण दाणा भाजून खातो. मुलांना खुशाल द्या.

तापीकाठ
माझं बालपण सुरतेत गेलं, मराठी घर. तिथं हिवाळ्यात याच कोवळ्या ज्वारीला पोंक म्हणतात. तापीच्या काठाला पोंकाचे स्टॉल लागतात, बरोबर लिंबू-मिऱ्याची शेव, आणि पोंकाचे वडे तर विचारूच नका. पुण्यात आल्यावर पहिल्यांदा हुरडा खाल्ला तेव्हा दह्याबरोबर का देतात कळेना, आता शेवेबरोबर अपुरा वाटतो. उत्तर कर्नाटकातले सहकारी याला सीतनी म्हणतात.

भरलंवांगं
आमच्याकडं आगटीतच हरभऱ्याचे टहाळे पण टाकतात, त्याचा हावळा. काळा हात, काळं तोंड, सगळे एकमेकांना बघून हसत असतात.

येळवस
हावळा नाही हो, हुळा.

भरलंवांगं
सातारकडं हावळाच. माझी आजी सारवलेल्या अंगणातून उठून भांडेल :)

चिंचपेटी
दोघींनी एकाच आगटीपाशी बसा, एकीनं हावळा खा, एकीनं हुळा.

रानजाई
थोडं अवांतर, पण पश्चिमेकडच्या तालुक्यांत असं काही होतं का? आम्हाला मावळ-मुळशी जवळ पडतं.

मुठाकाठ
तिकडं ज्वारी नाही, भाताचं रान. आंबेमोहर फुलोऱ्यात आला की शिवारात आंब्याच्या मोहरासारखा वास येतो, त्यासाठी ऑक्टोबरात जा. इंद्रायणी ही वडगाव मावळच्या संशोधन केंद्राची देणगी, आंबेमोहर १५७ आणि आयआर-८ च्या संकरातून १९८७ साली आलेली. नवा तांदूळ थेट शेतकऱ्याकडून घ्यायला डिसेंबर-जानेवारी चांगला. आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीसारखंच मुळशीच्या आंबेमोहराला आणि पुरंदरच्या अंजिरालाही भौगोलिक मानांकन आहे. पण हा धागा हुरड्याचा आहे, भातावर वेगळा काढा, मी येतो तिकडं.

धोंडी
वेलदोडा, मूळ प्रश्नाकडं. आईंना सांगा हुरड्यावर लगेच घटाघटा पाणी नाही प्यायचं, ताक प्यायचं. आमच्याकडं हे लहान मुलालाही माहीत असतं. पोट फुगतं.

रानजाई
मी पाणी पिते, काही होत नाही.

धोंडी
तुमचं वय काय ताई आणि त्यांचं वय काय.

वेलदोडा
सगळ्यांचे आभार, सगळं आईला वाचून दाखवतोय. राखणदार, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

वेलदोडा
मंडळी, जाऊन आलो. सविस्तर लिहितो, कारण इथं विचारलं नसतं तर हे झालं नसतं.

मुद्दाम मंगळवारी गेलो, रविवारी गर्दी असते म्हणून. सकाळी सातला सोलापूर रोडला लागलो, भिगवणला चहा घेतला, उजनीच्या पाण्यावर लांबून रोहित (फ्लेमिंगो) पक्षी दिसले तेवढ्यानंच लेक खूश. दहाच्या आत राखणदारांच्या शेतावर. त्यांच्या घरातल्या सगळ्यांनी आईला असं घेतलं की जणू तीच माहेरी आलीय. खाली बसायला जमणार नाही म्हणून त्यांनी बाज आणून आगटीच्या कडेला टाकली. स्वच्छतागृह घरातलंच, स्वच्छ, पायरी एकच.

राखणदारांच्या पुतण्यानं पहिला भारा आणला. आईनं त्यातलं एक कणीस उचललं, मधला दाणा नखानं दाबला आणि म्हणाली, "हे निबर झालंय बाळ, गुरांपुढं टाक. त्या बांधाकडंची आण, तिकडं मागास दिसतीय." आम्ही सगळे गप्प. राखणदार हसायला लागले, म्हणाले मावशी बरोबर बोलतात, तो तुकडा आठ दिवसांनी पेरलेला आहे. बाजेवर बसल्या जागेवरून तिनं नुसत्या रंगावरून ओळखलं होतं. मग मला शिकवलं. दाबल्यावर पांढरं दूध उडालं तर कोवळं, अजून थांबायचं. चिकट बोटाला लागलं तर हुरडा. दाबलाच गेला नाही तर भाकरी. मुठाकाठ, तुम्ही लिहिलेलं सगळं तिच्या नखात होतं.

नवी कणसं आली. निखाऱ्यातनं काढलेलं कणीस तिनं गोणपाटावर न ठेवता तळहातावर घेतलं आणि चोळलं. मी म्हटलं भाजेल, तर ऐकेना. दोन्ही हातांनी चोळायचं, एका हातातून दुसऱ्या हातात ओतायचं आणि ओततानाच फुंकर, तूस उडून जातं आणि दाणा खाली. हे मी आयुष्यात कधी तिला करताना पाहिलं नव्हतं. पहिली मूठ नातीला दिली. नातीला हुरडा फारसा नाही आवडला, तिनं बोरं आणि ऊस खाल्ला, पण आजीनं दिलेली मूठ संपवली.

मग खाता खाता आई बोलायला लागली. ती नऊ-दहा वर्षांची असताना हुरड्याच्या दिवसांत महिनाभर तिची शाळा बंद असायची, कारण पाखरं राखायला घरात दुसरं कुणी नव्हतं. पहाटे धाकट्या भावाला काखेत घेऊन माळ्यावर चढायची. गोफण तिला फिरवता यायची नाही म्हणून पत्र्याचा डबा वाजवायची. एवढ्या वर्षांत हे मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं तिला हुरड्याची चव आठवतेय. राखणदार, तुमचा तो माळ्यावरचा प्रतिसाद मी वाचून दाखवला होता ना, त्या रात्री ती उशिरापर्यंत जागी होती, ते का, हे तिथं बसल्यावर कळलं.

दुपारी ज्वारीची भाकरी, पिठलं, भरीत, ठेचा. धोंडी, ताकच प्यायली, पाणी नाही. रात्री पोट ठीक.

आणि पैशांचं. निघताना माणशी सहाशे रुपये दिले, ते आईचे घेईनात, मी आग्रहानं ठेवले. गाडीत बसल्यावर आईनं विचारलं किती दिले. मला वाटलं आता ऐकावं लागणार, कारण ती भाजीवाल्याशी दोन रुपयांवरून घासाघीस करते. आकडा ऐकून थोडा वेळ बाहेर बघत बसली आणि म्हणाली, "बरोबर घेतले. राखण धरली तर कमीच."

चिंचपेटी
डोळ्यांत पाणी आलं हो.

धोंडी
मावशींना माझा नमस्कार सांगा. पत्र्याचा डबा... आमच्या काकांकडं पण होता, तेलाचा.

येळवस
पुढच्या वर्षी त्यांना येळवसला आमच्या गावी घेऊन या, माझ्या आईवडिलांकडं. कोपीत बसू.

भरलंवांगं
उरलेला हुरडा आणला का घरी? फ्रीजमध्ये दोन दिवसांच्या पुढं ठेवू नका. कांदा-मिरची घालून थालीपीठ लावा, किंवा नारळाचं वाटण लावून उसळ. उन्हात कडक वाळवून ठेवला तर पावसाळ्यात भिजवून उसळ होते, पण चव वेगळी लागते.

वेलदोडा
थालीपीठ झालं काल. वाळवायला उरला नाही.

राखणदार
मावशींना सांगा, बांधाकडच्या त्याच तुकड्यातली दहा-बारा टपोरी कणसं बियाण्याला राखून ठेवलीत. गूळभेंडीचं घरचंच बी आहे. त्यांनी निवडलेला तुकडा म्हणून पुढच्या साली आधी तीच पेरणार.

वेलदोडा
सांगितलं. तिनं विचारलंय पेर कोणत्या आठवड्यात धरणार, तिला पेरणीलाच यायचंय.